धुराविना धूम्रपान : आपली मुले आणि आपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्यसनाचा विषय काढणे कित्येकांना अप्रशस्त वाटेल. कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सभासदांनी तसे आमच्याजवळ बोलूनही दाखविले. पन्नास वर्षांचा आढावा, गणेशोत्सवाच्या आठवणी, जुन्या नाटकांच्या तालमी हे सारे या महोत्सवात येणारच आहे, आणि ते यावेच. तथापि मंडळ ज्यांच्या हाती सोपवावयाचे ती पिढी आज सभागृहाच्या मागल्या रांगांतही फारशी दिसत नाही. ती कोठे असते, काय करते, तिच्या मनात काय चालते, ही विचारपूस अशा प्रसंगी करावयाची नाही तर कधी करावयाची? म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला. वैद्यकीच्या व्यवसायात या शहरात बरीच वर्षे काढल्यामुळे अनेक मराठी घरांच्या स्वयंपाकघरापर्यंत आमची ये-जा आहे, एवढाच आमचा अधिकार.

विषय ई-सिगारेटचा आहे. मुले तिला ‘व्हेप’ म्हणतात. आपल्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल, पण ओळखली नसेल. कधी ती जाडशा पेनासारखी असते, कधी संगणकाला लावावयाच्या पेनड्राइव्हसारखी, कधी नुसती रंगीत खेळण्यातल्या डबीसारखी. दप्तरात, कंपासपेटीत, पायमोज्यात कोठेही मावते. आत एक लहान बॅटरी, एक तापणारी तार आणि द्रवाची कुपी असते. तोंडाने ओढले की तार तापते, द्रवाचे अतिसूक्ष्म थेंबांचे धुके होते आणि ते फुफ्फुसात उतरते. या द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, कृत्रिम स्वाद आणि बहुतेक वेळा निकोटीन असते. ‘ही नुसती वाफ आहे’ असे मुले सांगतात. वाफ पाण्याची असते. हे धुके पाण्याचे नव्हे. तापणाऱ्या तारेतून सुटलेले निकेल, क्रोमियम, शिसे यांसारख्या धातूंचे अंशही त्यात आढळले आहेत.

मुलांचा दुसरा युक्तिवाद असा की यात तंबाखू नाही. पान नसते हे खरे. पण निकोटीन बहुतांशी तंबाखूच्या पानातूनच काढलेले असते, आणि हे म्हैसूरच्या रहिवाशांस तरी सांगावयास नको होते. हुणसूर, पिरियापट्टण, एच. डी. कोटे या आपल्याच जिल्ह्यातील तालुक्यांत सिगारेटीस लागणारी व्हर्जिनिया तंबाखू पिकते, गावोगावच्या भट्ट्यांत ती वाळविली जाते आणि तंबाखू मंडळाच्या लिलावकेंद्रांवर विकली जाते. आपल्यापैकी जी कुटुंबे निपाणी-बेळगावकडून आली त्यांनी बिडीची तंबाखू शेतात पाहिली आहे. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या तंबाखू-उत्पादकांनी केलेले आंदोलन आणि त्यातील पोलिसांचा गोळीबार अजून त्या भागातल्या वृद्धांच्या बोलण्यात येतो. आजोबांची चंची, आजीची मिश्री, मामांची तपकिरीची डबी यांना आपण कधी व्यसन म्हटले नाही. फार तर सवय म्हटले. तंबाखूशी आपले नाते असे जुने आणि घरगुती आहे. त्यामुळे नव्या वस्तूकडे पाहतानाही, ती ओढणारे मूल आपले असले तर, ‘सवय’ हाच शब्द आपल्या तोंडी प्रथम येतो. शेजाऱ्याचे असले तर ‘व्यसन’.

या वस्तूचे आजचे रूप होन लिक नावाच्या एका चिनी औषधशास्त्रज्ञाने २००३ साली सिद्ध केले. सिगारेट सोडू न शकणाऱ्या प्रौढास कमी घातक पर्याय मिळावा हा त्यामागचा हेतू होता, आणि इंग्लंडसारख्या देशात धूम्रपान सोडू पाहणाऱ्या प्रौढांना तिचा उपयोग करण्याचा सल्ला आजही दिला जातो. ही गोष्ट आपण मुलांपासून लपवू नये, कारण ती त्यांना आधीच ठाऊक असते. त्यांना एवढेच विचारावे, की बाबा रे, तू कोणती सिगारेट सोडतो आहेस? वीस वर्षांच्या धूम्रपान्यास जे उतरणीचे पाऊल, ते पंधरा वर्षांच्या मुलास चढणीचे असते. त्याच इंग्लंडने एकदा वापरून टाकावयाच्या व्हेपची विक्री १ जून २०२५ पासून बंद केली, ती प्रामुख्याने मुलांकडे आणि कचऱ्याकडे पाहून.

खरा फरक पडला तो २०१५ नंतर. त्या वर्षी अमेरिकेत ‘जूल’ नावाचे उपकरण बाजारात आले. पूर्वीच्या द्रवातील तीव्र निकोटीन घशाला झोंबत असे. नव्या द्रवात ते क्षाराच्या रूपात घातल्यामुळे झोंबेनासे झाले. पहिल्या झुरक्याला येणारा ठसका हा निसर्गाने ठेवलेला पहारेकरी होता. आपल्या पिढीतील किती जणांचे धूम्रपान त्या पहिल्या ठसक्यातच आटोपले! तो पहारेकरी या रसायनाने उठवून लावला. शिवाय सिगारेट संपते, विझवावी लागते, दुसरी पेटवावी लागते. व्हेपला असा शेवट नाही. किती ओढली याचा हिशेब आईबापांना तर नाहीच, पण ओढणाऱ्यालाही राहत नाही. अमेरिकेत २०१९ साली शाळेच्या वरच्या चार इयत्तांतील २७.५ टक्के मुले ई-सिगारेट वापरत असल्याचे राष्ट्रीय पाहणीत आढळले. २०२४ मध्ये हेच प्रमाण ७.८ टक्क्यांवर उतरले. लाट चढते तशी उतरविताही येते, म्हणून हे दोन्ही आकडे एकत्र सांगितले.

आपल्याकडे कायदा कडक आहे. कर्नाटक सरकारने २०१६ सालीच या वस्तूवर बंदी घातली. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम काढून आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कायदा करून देशभर तिचे उत्पादन, आयात, विक्री, वाटप, साठा आणि जाहिरात बंद केली. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे कायद्याप्रमाणे ही वस्तू आपल्या शहरात असावयासच नको. ती आहे. चोरवाटेने येते, मोबाइलवरील निरोपांवर हातोहात फिरते, आणि चोरवाटेने आल्यामुळेच तिच्या आत काय आहे याची हमी कोणी देत नाही. वेष्टनावर ‘निकोटीन नाही’ असे छापलेले असले तरी त्यावर भरवसा कोणत्या आधारे ठेवावयाचा? अमेरिकेत २०१९-२० मध्ये फुफ्फुसाच्या तीव्र विकाराने २,८०७ जणांना रुग्णालयात जावे लागले आणि फेब्रुवारी २०२०पर्यंत ६८ मृत्यू नोंदले गेले. त्यामागे मुख्यतः गांजाचा अर्क असलेले, अनधिकृत मार्गाने मिळविलेले आणि ई-जीवनसत्त्वाच्या तेलाची भेसळ असलेले द्रव होते. मुलांना भीती घालताना हा आकडा अर्धाच सांगू नये. उरलेला अर्धा त्यांना सापडला की आपल्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

पालकांची एक शंका येथेच निवारतो. मुलाने कबूल केले आणि आपण त्यास डॉक्टरांकडे नेले तर पोलिसांचे लचांड मागे लागेल काय? या कायद्याचा रोख करणारे, आणणारे, विकणारे आणि साठविणारे यांच्यावर आहे. ओढणाऱ्याला शिक्षा सांगणारे वेगळे कलम त्यात नाही. उपचारासाठी कोणीही बिचकू नये. मात्र मित्रांसाठी मागवून देणे, चार पैसे सुटतात म्हणून वर्गात विकणे, हे वाटप आणि विक्री यांत मोडते. हुशार, व्यवहारी मुले नेमकी येथे फसतात. त्यांना हे शांतपणे, पण स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

आता आपल्याकडे वळू. म्हैसूर हे सुगंधाचे शहर. १९१६ पासूनचा चंदनतेलाचा कारखाना, घरोघर वळल्या जाणाऱ्या उदबत्त्या, देवराज मार्केटातील मोगऱ्याचे ढीग. अशा शहरात मुलाच्या खोलीतून आंब्याचा, पुदिन्याचा किंवा बबलगमचा वास आला तर कोणत्या आईला संशय यावा? आमच्या पिढीतील पालकांचे सारे गुप्तहेरखाते नाकावर चालत असे. मुलगा बाहेरून आला की जवळ बोलवावयाचे, कपाळावरून हात फिरवावयाचा, आणि तेवढ्यात शर्टाचा वास घ्यावयाचा. ते नाक आता निकामी ठरले आहे. सिगारेटीच्या वासाच्या लाजेने जी मुले, आणि विशेषतः ज्या मुली, चार हात दूर राहत असत, त्यांची ती लाजही या वस्तूने काढून घेतली.

वास गेल्यावर उरते ते लक्ष. आणि लक्ष देण्याच्या बाबतीत आपली, दूरदेशी राहणाऱ्या कुटुंबांची, स्थिती जरा बिकट आहे. आपण कोणी अन्नतंत्र संशोधन संस्थेत आलो, कोणी रेल्वेच्या कारखान्यात, कोणी बँकेत, आणि अलीकडे बहुतेक संगणक कंपन्यांत. घर तीन-चार माणसांचे. आजी नाही, काका नाही, वाड्यातल्या जिन्यावर बसून ‘काय रे, चेहरा का उतरलाय?’ असे विचारणारी शेजारीण नाही. मुले मित्रांत कन्नड आणि इंग्रजी बोलतात, मराठी घरापुरती. आणि घरातली ती मराठी कशापुरती? जेवलास का, अभ्यास झाला का, मोबाइल ठेव, झोप आता. ज्या भाषेत मनातले काही बोलण्याचा सरावच पडला नाही, त्या भाषेत मुलाने एकाएकी ‘मला फार भीती वाटते’ असे म्हणावे कसे? त्याच्याजवळ एकच शब्द असतो, ‘टेन्शन’. तो त्याने उच्चारला की आपण म्हणतो, ‘तुला कसले टेन्शन? आमच्या वेळी…’ आणि संभाषण तेथेच मिटते.

पालकांच्या वृत्तींचे आम्ही बरेच नमुने पाहिले. पहिला, ‘आमच्या घरात असले काही नाही’ असे म्हणणारा. हा बहुधा सर्वांत उशिरा जागा होतो. दुसरा, ‘निदान दारू तर पीत नाही’ म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारा. तिसरा गर्जना करणारा. दप्तर उलथे करतो, मोबाइल जप्त करतो, एखादी थप्पड देतो, आणि आठ दिवसांनी सारे शांत झाले असे समजतो. शांत झालेले नसते; मूल अधिक सावध झालेले असते. यांखेरीज एक वृत्ती सर्वांच्या पोटात असते, ती ‘मंडळात कळले तर?’ या भीतीची. परक्या मुलखात आपल्या माणसांचा आधार म्हणून मंडळ काढले, आणि अडचणीच्या वेळी नेमके त्याच माणसांपासून तोंड लपवावयाचे, हा प्रकार आम्हांला या सुवर्णमहोत्सवी वर्षात सर्वांत खटकतो. (गॅलरीत उभे राहून सिगारेट ओढत मुलाला व्हेपवर व्याख्यान देणाऱ्या वडिलांविषयी आम्ही काही बोलत नाही. ते येथे उपस्थित असण्याचा संभव आहे.)

हे सारे महाराष्ट्राने पूर्वी एकदा पाहिले आहे. १९८०च्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांत शिरली, तेव्हाही पालक प्रथम नाकारीत, मग मारीत, मग लपवीत. अनिल अवचट यांनी त्या मुलांवर आणि त्यांच्या घरांवर लिहिले. त्यांच्या पत्नी सुनंदा अवचट मनोविकारतज्ज्ञ होत्या व येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करीत असत. या दांपत्याच्या पुढाकाराने आणि पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साह्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. व्यसन हा आजार आहे, व्यसनी माणूस दुर्जन नव्हे, आणि उपचार घराचाही करावा लागतो, ही दृष्टी महाराष्ट्रातील सामान्य घरांपर्यंत पोचविण्यात त्या केंद्राचा मोठा वाटा आहे. गर्द आणि व्हेप यांची तुलना आम्ही करीत नाही. पहिली माणसास अल्पावधीत उद्ध्वस्त करी. पण घरांचे वागणे तेच आहे, आणि त्यावरचा उपायही आपल्याच भाषेत आधी सांगून झालेला आहे.

मुलांना विचारले, की बाबांनो, हे का ओढता, तर पहिले उत्तर ‘सगळे ओढतात’ हे असते. थोडा वेळ गप्प बसून राहिले तर दुसरे उत्तर येते, ‘बरे वाटते. ताण कमी होतो.’ हे दुसरे उत्तर हसण्यावारी नेऊ नये. मूल खोटे बोलत नसते. पदवीपूर्व वर्गाची परीक्षा, सीईटी, नीट, पहाटेची शिकवणी, संध्याकाळची शिकवणी, आणि शेजारच्या मुलाचे गुण. हा भार खरा आहे. निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचते आणि क्षणभर हलके वाटते, हेही खरे. पुढे काय होते ते मात्र मुलास कोणी समजावून दिलेले नसते. रक्तातील निकोटीन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. त्याला सरावलेला मेंदू ते मागू लागतो. मग चिडचिड, बेचैनी, पुस्तकातल्या एकाच ओळीवर पुनःपुन्हा फिरणारी नजर. मुलाला वाटते हा परीक्षेचाच ताण. तो पुन्हा ओढतो, बरे वाटते, आणि व्हेपने ताण घालविला अशी त्याची खात्री पटते. घरमालकाने स्वतःच नळ बंद करावा, तासाभराने सोडावा, आणि भाडेकरूने दर वेळी त्याचे आभार मानावेत, तशातला हा प्रकार. मूळचा ताण जागच्या जागी राहतो, वर हा दुसरा चढतो. आवर घालणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत पक्व होत असतो, त्यामुळे या वयात निकोटीनची पकड अधिक घट्ट बसते. आमच्या अनुभवात ही भाडेकरूची गोष्ट मुलांना पटते. कर्करोगाची पटत नाही. तो त्यांना पन्नास वर्षे दूर वाटतो.

तर मग खऱ्या ताणाचे काय करावयाचे? येथे ‘माइंडफुलनेस’ नावाची गोष्ट पुढे येते. हा शब्द अलीकडे इतका स्वस्त झाला आहे की चहाच्या पुड्यांवरही छापलेला दिसतो. त्याचा वैद्यकीय वापर १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधून सुरू केला. मूळ वस्तू कोठली हे सांगण्याची गरज नाही. सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशातून परत आणलेली विपश्यना १९७६ पासून इगतपुरीस शिकविली जाते. लहान मुलांना तेथे केवळ येत्या-जात्या श्वासाकडे पाहावयास सांगतात. आपल्या शहरात तर १९३३ साली जगन्मोहन राजवाड्यात कृष्णम्माचार्यांची योगशाळा भरू लागली. तिचे एक विद्यार्थी बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यास गेले आणि पुणेकरच झाले. आणि गंमत पाहा, ज्या पिरियापट्टण तालुक्यात तंबाखूच्या भट्ट्या आहेत, त्याच तालुक्यात बैलकुप्पे येथे तिबेटी भिक्षूंचे मठ आहेत. एकाच मातीत निकोटीनही पिकते आणि ध्यानही. आपल्या मराठीत या गोष्टीला एक जुना शब्द आहे, अवधान; ज्ञानेश्वरांनी श्रोत्यांकडे वारंवार मागितले ते हेच. आम्ही तोच वापरतो.

अवधान म्हणजे डोळे मिटून विचारशून्य होणे नव्हे. व्हेपच्या बाबतीत त्याचा अर्थ फार साधा आहे. ओढावेसे वाटले की ती ओढ शरीरात कोठे जाणवते ते पाहावयाचे. कोणाला घशात, कोणाला जबड्यात, कोणाला छातीत, कोणाचे हात चाळवतात. तिच्याशी झगडावयाचे नाही आणि तिचे ऐकावयाचेही नाही; श्वास सोडताना जरा लांबवीत, ती वाढते की ओसरते एवढे पाहत राहावयाचे. वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी व्यसनी रुग्णांना हीच रीत शिकविली आणि ओढीला समुद्राच्या लाटेची उपमा दिली. ओढ बहुधा काही मिनिटांत शिखर गाठून उतरू लागते. ज्या मुलाने ती न ओढता एकदा उतरताना पाहिली, त्याला दुसऱ्या वेळी ती कमी अजिंक्य वाटते. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. त्यानंतर दोन-चार आठवड्यांत चिडचिड, निद्रानाश, अवेळी भूक ही लक्षणे मावळत जातात. त्या दिवसांत मूल उलट बोलले तर तो संस्कारांचा ऱ्हास समजू नये. औषध उतरत असते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शाळेत सर्वांना सरसकट ध्यानास बसविले की काम होते, अशी समजूत आहे. इंग्लंडमध्ये आठ हजारांवर विद्यार्थ्यांवर हा प्रयोग मोठ्या प्रमाणात झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुलांच्या मनःस्वास्थ्यात नेहमीच्या शिकवणुकीपेक्षा वेगळा लाभ आढळला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. ज्या शिक्षकांनी हा अभ्यास केला त्यांचा कामाचा शीण मात्र, निदान काही काळ, कमी झालेला दिसला! आम्हांला यातून जे दिसते ते असे, की हा अभ्यास लादून होत नाही, आणि त्याची सुरुवात मोठ्यांनी केली तर निदान मोठ्यांचे तरी भले होते. शांत झालेल्या आईबापांजवळ मूल बोलावयास येण्याचा संभव अधिक, हे सांगावयास प्रयोगाची गरज नाही.

दुसरा प्रयोग अमेरिकेतला, २०२४ साली प्रसिद्ध झालेला. तेरा ते सतरा वर्षांच्या, व्हेप सोडू इच्छिणाऱ्या मुलांना मोबाइलवर नियमित छोटे निरोप पाठविले. धीर देणारे, ओढ आली तर काय करावे ते सांगणारे. सात महिन्यांनी त्यांतील ३७.८ टक्के मुले व्हेपपासून दूर होती. ज्यांना असे निरोप गेले नाहीत त्यांत हे प्रमाण २८ टक्के होते. नुसते चार शब्द, तेही अनोळखी यंत्राकडून आलेले! आणि दुसऱ्या गटातील अठ्ठावीस टक्केही आम्हांला कमी महत्त्वाचे वाटत नाहीत.

घरी काय करता येईल? दिवेलागणीची वेळ आपल्याकडे पूर्वी थांबण्याचीच वेळ होती. दिवा लागला की मुले घरात येत, हातपाय धूत, म्हणावयाचे ते म्हणत. ती पाच मिनिटे परत आणावी. सर्वांचे मोबाइल दुसऱ्या खोलीत, वडिलांचा आधी. काही शिकवावयाचे नाही. बसावयाचे, श्वास पाहावयाचा, एवढेच. मूल आले नाही तरी आपण बसावे. आमच्या परिचयाच्या एका घरात मुलगी तीन आठवडे दारातून पाहत राहिली आणि मग एके दिवशी येऊन आईला टेकून बसली. बोलली त्यानंतर चार दिवसांनी. ज्यांना बसवत नाही त्यांनी मुलाबरोबर पहाटे कुक्करहळ्ळी तलावाला एक फेरी मारावी, आणि त्या फेरीत गुणांचा विषय काढू नये. हा नियम पाळणे वडिलांना फार जड जाते असे आम्ही पाहिले आहे.

मात्र अवधान हे ओझे वाहावयाचे तंत्र म्हणून मुलाच्या गळ्यात बांधू नये. पहाटे पाचला शिकवणी, दिवसभर वर्ग, रात्री अकरापर्यंत सराव-परीक्षा, आणि वर ‘दहा मिनिटे ध्यान कर म्हणजे ताण जाईल’ असे सांगणे यात क्रूरपणा आहे. आधी एखादी शिकवणी कमी करावी, झोप पुरी होऊ द्यावी. मग श्वासाचे बोलावे.

बोलण्याविषयीही थोडे. व्हेप सापडला की त्याच क्षणी बोलू नये. रागाच्या भरात प्रश्न विचारले जात नाहीत, निकाल दिले जातात. रात्र जाऊ द्यावी. ‘कोणी दिला?’ हा पहिला प्रश्न नसावा, कारण त्याचे उत्तर म्हणजे मित्राशी द्रोह, आणि ते मिळत नाही. ‘केव्हापासून?’, ‘ओढल्यावर काय वाटते?’, ‘सोडून पाहिलास का?’ हे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहावे. सकाळी उठताच ओढावे लागत असेल, रात्री उठून ओढत असेल, तर अवलंबित्व खोल आहे असे समजून डॉक्टरांकडे न्यावे. निकोटीनचे च्युइंगम बाजारात मिळते, पण मुलांना ते वैद्यकीय सल्ल्याशिवाय देऊ नये. सोडल्यानंतर मूल पुन्हा एकदा ओढेल, बहुधा ओढेलच. त्या वेळी ‘केले ना शेवटी तेच!’ हे वाक्य गिळावे आणि मधले किती दिवस निभावले ते मोजावे.

ज्यांना मंडळात किंवा ओळखीच्या डॉक्टरांजवळ बोलण्याचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी दोन क्रमांक सांगतो. ते लिहून घ्यावेत. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय साहाय्य १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. मनाच्या कोणत्याही तक्रारीसाठी ‘टेली-मानस’चा क्रमांक १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या या सेवेची मध्यवर्ती संस्था बंगळूरची निम्हान्स आहे. तेथे मराठीतही बोलता येते आणि कन्नडमध्येही. मुलांना कोणत्या भाषेत बोलावयाचे ते त्यांनाच ठरवू द्यावे.

आमचा वेळ संपला. पालकांच्या प्रश्नांना आता येथेच उत्तरे देऊ. मुलांपैकी कोणाला एकट्याने काही विचारावयाचे असेल तर सभेनंतर नऊ वाजेपर्यंत आम्ही रंगमंचामागच्या खोलीत बसणार आहोत. तेवढ्या वेळात पालकांनी कृपया चहाच्या बाजूस थांबावे आणि त्या दाराकडे पाहू नये.